तुकोबांनी बुडवलेली कर्जखतं

चाकण एमआयडीसीत रोज ये-जा करणाऱ्यांनो, कंपन्यांच्या पत्र्यांमागे उभा असलेला भामचंद्र डोंगर कधी नीट पाहिलाय? तुकोबा इथे ध्यानाला बसायचे. मला मात्र त्यांची कर्जखतांची गोष्ट जास्त भिडते.

तुकोबा (१६०८–१६५०) देहूच्या महाजनांच्या घरातले. वाण्याचं दुकान, सावकारी, बरी सुबत्ता. १६३०च्या दुष्काळाने होत्याचं नव्हतं केलं. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. हाती उरली ती लोकांची कर्जखतं. दुसरा कुणी वसुलीला निघाला असता! परंपरा सांगते, तुकोबांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याचा अर्धा वाटा दिला (त्याच्या हक्काचं दान केलं नाही, हे मला फार आवडतं) आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले.

इटलीत असिसीचा संत फ्रान्सिसही व्यापाऱ्याचाच मुलगा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने बापाची संपत्ती नाकारली आणि घर सोडलं. तुकोबा मात्र दुसऱ्या पत्नीची, जिजाईची, बोलणी खात संसारातच राहिले.

आणि हो, त्यांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे चाकणचेच. त्यांची समाधी जवळच, सुदुंबऱ्यात आहे.