महाकालाचं दर्शन बेळगावात कोणत्या वाटेनं येतं?

उज्जैनच्या महाकालाचं ऑनलाइन दर्शन बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूरची आपली माणसं मोबाइलवर घेतात. ते चित्र वाटेत तीन-चार कंपन्यांच्या जाळ्यांतून येतं. कुठून कुठे वळायचं, हे ठरवते बीजीपी नावाची पद्धत. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. तेव्हा तिथल्या लहान-मोठ्या इंटरनेट पुरवठादारांवर ताण येणार, म्हणून ही पद्धत समजून घेऊ.

प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो, त्याला एएस नंबर म्हणतात. शेजारच्या जाळ्याला सांगायचं, "हे पत्ते माझ्याकडे आहेत, इकडून या." शेजारी ते पुढच्याला सांगतो. थोडक्यात, गावोगावची दवंडी! १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेक्टर यांनी जेवणाच्या टेबलावरच्या नॅपकिनवर याचा पहिला आराखडा मांडला. तेव्हा जाळी थोडी होती, सगळा कारभार विश्वासावर चालायचा.

सिस्को पद्धतीच्या स्विचवर मुख्य कमांड तीनच. आधी 'राऊटर बीजीपी' आणि आपला क्रमांक. मग 'नेबर', शेजाऱ्याचा आयपी पत्ता, 'रिमोट-एएस' आणि त्याचा क्रमांक. शेवटी 'नेटवर्क' आणि आपले पत्ते, 'मास्क'सह. इथे नवखे अडकतात: तेवढाच पत्ता स्विचच्या राउटिंग टेबलमध्ये जसाच्या तसा नसेल, तर दवंडी पिटलीच जात नाही.

मग 'शो आयपी बीजीपी समरी' बघा. शेवटच्या रकान्यात आकडा दिसला की जोडणी झाली. 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ जोडणी अजून झालेलीच नाही.

खरी जोखीम यापुढे आहे. पुरवठादाराने दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या आणि गाळणी लावली नाही, तर बऱ्याच स्विचवर एकीकडून ऐकलेले रस्ते दुसरीकडे आपोआप सांगितले जातात. मग परक्यांची वाहतूक या छोट्या लाइनवर येते आणि सगळंच तुंबतं.

चुकीची दवंडी किती लांब जाते? २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब फक्त देशात बंद करायला एक रस्ता जाहीर केला. तो बाहेर फुटला. यूट्यूबने २२ बिटांचा मोठा गट जाहीर केला होता, पाकिस्तानने त्यातलाच २४ बिटांचा छोटा. राऊटर नेहमी नेमका, छोटा गट निवडतो. जगात बऱ्याच ठिकाणी यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडलं.

म्हणून 'प्रिफिक्स-लिस्ट' करून त्यात फक्त आपले पत्ते लिहा आणि ती शेजाऱ्याच्या नावे 'आउट' दिशेला लावा. येणाऱ्या रस्त्यांवर 'मॅक्सिमम-प्रिफिक्स'ची मर्यादा घाला. हे सगळं जोडणी सुरू करण्याआधी करा, नंतर नाही.

दर्शन घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. पण ऐन पर्वणीला पडदा काळा पडला, तर कारण अशीच एक राहून गेलेली ओळ असू शकते.