मुलीला कॉन्व्हेंटात घातली, पुढे काय?

“पोरीले कॉन्व्हेंटात टाकली, आता काळजी नाई!” अमरावती-अकोल्याकडे हे वाक्य तुम्ही कितीदा तरी ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. कडक इस्त्रीचा गणवेश, चकचकीत बूट आणि फाडफाड इंग्रजी, एवढ्यावर आपण खूष असतो. पण मैत्रिणींनो, या सिस्टर मंडळी मुलींना शिकवायला मुळात निघाल्या कशासाठी, हा प्रश्न आपल्याला कधी पडतो का?

आमच्या शेजारच्या वहिनींचीच गोष्ट सांगते. मुलगी सहावीत, कॉन्व्हेंट शाळेत. पालकसभेच्या आदल्या रात्री ती म्हणाली, “आई, तू नको येऊस. बाबांना पाठव. तुला इंग्रजी येत नाही.” वहिनींना रात्रभर झोप लागली नाही. तरी सकाळी त्या गेल्या. मुख्याध्यापिका सिस्टर उठून उभ्या राहिल्या, त्यांनी खुर्ची दिली आणि वहिनींशी चांगली पंधरा मिनिटं मराठीतच बोलल्या. मुलगी शेजारी मान खाली घालून उभी!

हा नुसता शिष्टाचार नव्हे, बरं का. यामागे एक जुना विचार आहे. अमरावती आणि अकोल्याच्या होली क्रॉस शाळा ज्या सिस्टरांच्या संघाच्या, तो संघ १८३८ साली आजच्या फ्रान्समधल्या शावानो नावाच्या खेड्यात सुरू झाला. फादर मेर्मिए आणि मदर क्लॉदिन एशर्निए यांनी तो उभा केला. त्यांचे आदर्श संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७-१६२२). नागपूरच्या एस. एफ. एस. कॉलेजला नाव आहे ते यांचंच.

या संतांचं १६०९ सालचं पुस्तक प्रसिद्ध आहे. संसार न सोडता, आपापलं रोजचं काम करतानाच भक्ती साधते, हे त्यांनी त्यात सांगितलं. मळ्यात राबणारे आपले सावता माळी आठवतात ना? शिकवण्याची त्यांची रीत होती सौम्यपणाची. मार्टिन नावाच्या एका जन्मतः मूकबधिर माणसाला त्यांनी जवळ केलं आणि खुणांच्या भाषेत शिकवलं. त्याला आपली भाषा येत नाही म्हणून दूर सारलं नाही. स्वतःच त्याच्या भाषेपर्यंत गेले. वहिनींशी मराठीत बोलणाऱ्या सिस्टर हेच तर करत होत्या!

कॅथलिक चर्चने १९६५ साली शिक्षणाविषयी जे जाहीरनामापत्र काढलं, त्यातही आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले आहेत. म्हणजे शाळेत घातलं की आपली जबाबदारी संपली, असं नाही.

“पण तिथे धर्म शिकवतील का?” ही शंका पुष्कळजणी दबक्या आवाजात विचारतात. आपल्या घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे. तसंच २८व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलांना धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. तेव्हा शंका मनात ठेवू नका. प्रवेशाच्या वेळीच मोकळेपणाने विचारा.

आता घरी काय करायचं? मुलगी आली की “किती मार्क पडले?” याआधी “आज कुणाला मदत केलीस?” असं विचारा. घरात मराठी बिनदिक्कत बोला. शाळेत ती वर्ग झाडत असेल तर नाक मुरडू नका. गाडगेबाबांच्या वऱ्हाडात खराट्याची लाज कसली? आणि हो, तोच खराटा तिच्या भावाच्याही हाती द्या.

वहिनींच्या मुलीचं काय झालं म्हणता? पुढच्या सभेला ती स्वतःच म्हणाली, “आई, लवकर आवर, उशीर होईल.” इंग्रजी काय, आज ना उद्या कुठेही शिकता येईल. आईचा हात धरायला लाजू नये, हे मात्र वेळेवरच शिकायला हवं.