पाणी न पाजलेली तलवार

जपानी तलवारीची शोभेची प्रतिकृती कुणी हातात दिली, तर धार बघू नका. पात्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही, तर ती बहुधा जपानातच बनलेली. चिकटला, तर ती जपानाबाहेर अनेक दिवाणखान्यांत मिरवेल, खुद्द जपानात मात्र तिला थारा नाही.

हा उफराटा न्याय तिथल्या १९५८च्या शस्त्र कायद्याचा. १५ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पात्याची पोलादी तलवार घरात ठेवायची तर तिची नोंद लागते, आणि नोंद होते ती परंपरेने घडवलेल्या, कलावस्तू म्हणून मोल असलेल्या तलवारीचीच. कारखान्यात स्टेनलेस स्टीलची पट्टी कापून केलेल्या तलवारीला हा कागद मिळत नाही. ती उरते निव्वळ बेकायदा हत्यार. म्हणून जपानी कारागिरांनी नकलेतून लोखंडच काढून टाकलं आणि जस्त-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू घेतला. अशा तलवारीला ‘मोझोतो’ म्हणतात. म्यानातून तलवार उपसण्याची जी कला, इआइदो, तिच्या सरावासाठी याच धातूची पण अधिक मजबूत ‘इआइतो’ असते. भिंतीवरची तलवार सरावाला नेऊ नये.

या नकली तलवारींचं माहेर म्हणजे गिफू प्रांतातलं सेकी हे शहर. खऱ्या तलवारी इथे कित्येक शतकं घडल्या. सोळाव्या शतकातल्या मागोरोकू कानेमोतोची तलवार ओळखतात ती धारेलगतच्या नक्षीवरून. सुगी वृक्षांचे तीन-तीन शेंडे ओळीने उभे असावेत तशी ती दिसते. १८७६ मध्ये मेइजी सरकारने कमरेला तलवार लावायला बंदी केली आणि लोहारांचं पोट चाकू, कात्र्या, वस्तऱ्यांवर आलं. आज सेकीचं नाव जगाला ठाऊक आहे ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांमुळे आणि दाढीच्या पात्यांमुळे. मोझोतो हे त्याच गावातलं शेंडेफळ.

खऱ्या आणि नकली तलवारीतलं अंतर आपल्या लोहाराच्या एका शब्दात सांगता येतं: पाणी. खऱ्या पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. पातं लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं, की धार झटकन निवते आणि कडक होते. पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. सरळ पात्याला ती सुंदर कमान बरीचशी या एका बुडीत येते. धार आणि पाठ यांच्या सीमेवर जी धूसर, लाटेसारखी रेघ उमटते ती ‘हामोन’. लोहाराला ती साधारण कशी येईल हे ठरवता येतं. नेमकी कशी आली, हे पाण्यातून काढल्यावरच कळतं.

जस्ताला हे पाणी पाजताच येत नाही. शुद्ध जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसलाच वितळतं. खऱ्या पात्याला पाणी देताना ते याच्या जवळजवळ दुप्पट तापवलेलं असतं. मोझोतोचं पातं म्हणून साच्यात ओततात, कमानीसकट. मग घासून, चकाकी आणून त्याला क्रोमचा मुलामा देतात. हामोन इथे घडत नाही. हाताने वा यंत्राने पृष्ठभाग मंद करून ती काढावी लागते. या पात्याला धार लावायची म्हटली तरी ती टिकत नाही. यात फसवणूक काही नाही. उलट, मला ही नक्कल फार प्रामाणिक वाटते. तिने तलवारीचं रूप घेतलं, काम घेतलं नाही.

मूठ मात्र निवांत बघावी. चांगल्या प्रतिकृतीत लाकडी मुठीवर खऱ्या पाकटाचं कातडं असतं आणि वरून दोरीचे हातविणीचे चौकटीदार वेढे. स्वस्तात कातड्याच्या जागी प्लॅस्टिक येतं. पातं मुठीत अडकवून ठेवते ती बांबूची छोटी खुंटी, ‘मेकुगी’. आपली ‘मेख’ आणि ही मेकुगी यांचं नातं काही नाही, कानाला गंमत वाटते इतकंच. मांडण्याचीही रीत आहे. काताना, म्हणजे हीच नेहमीची जपानी तलवार, घोडीवर ठेवायची ती धार वर करून आणि, शांततेच्या काळात, मूठ डावीकडे, म्हणजे उजव्या हाताला चटकन उपसता येऊ नये. तिच्याहून जुन्या धाटणीची ताची मात्र धार खाली करून ठेवतात.

खरी तलवार अजूनही घडते. तिचं पोलाद शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथल्या भट्टीतून येतं. ती भट्टी १९७७ मध्ये पुन्हा पेटवली गेली. लोहाराला परवान्याआधी निदान पाच वर्षं उमेदवारी करावी लागते आणि पुढेही महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात. साहजिकच ती सामान्यांच्या हाती येत नाही. तलवारींना देखण्या तरुणांचं रूप देणारा ‘तोकेन रान्बु’ हा खेळ २०१५ मध्ये आला आणि संग्रहालयांत तरुण मुलींची रीघ लागली. अशा चाहत्यांना घरी नेता येते ती जस्ताचीच.

इंग्लंड-वेल्समध्ये न्याय वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचला. २००८ मध्ये तिथे ५० सेंटीमीटर वा अधिक लांबीच्या वक्र पात्याच्या तलवारींची विक्री आणि आयात बंद झाली. परंपरागत रीतीने हाताने घडवलेल्यांना त्यातून सूट मिळाली. रोख होता स्वस्त पोलादी नकलांवर.

त्या नकलांचा खरा दोष मुठीत लपलेला असतो. खऱ्या तलवारीचं पातंच रुंदीसकट मुठीत खोलवर जातं. स्वस्त स्टेनलेस तलवारीत बहुधा पात्याच्या बुडाला एक बारीक सळई जोडलेली असते आणि सगळा भार त्या जोडावर. तेव्हा चुंबक चिकटणारी तलवार घरात आलीच असेल, तर ती मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा आणि पाहुण्यांसमोर फिरवून दाखवू नका. तो जोड किती कच्चा आहे, हे बाहेरून दिसत नाही.