परस्परव्याप्त भाषाक्षेत्रांतील गावांची मोजणी

बोलींच्या नकाशावर मुख्यतः दोन प्रकारच्या खुणा असतात. एक, पाहणी झालेल्या गावांचे बिंदू. आणि दुसरी, एखादे भाषिक रूप जेथवर आढळते तेथवरची सीमा दाखविणारी समभाषारेषा. ही रेषा नकाशाच्या कडेला जोडून बंद केली की एक बहुभुजाकृती मिळते. वीस-पंचवीस गावे असतील तर कोणते गाव कोणत्या आकृतीत पडते हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येते. परंतु गेओर्ग वेंकर याने १८७६ पासून शाळाशिक्षकांकडे वाक्ये पाठवून जर्मन बोलींची जी सामग्री जमविण्यास आरंभ केला, तिच्यातील गावे पुढे ४०,००० च्या वर गेली. एवढी मोजदाद आज संगणकाकडूनच करून घ्यावी लागते. आणि आकृत्या एकमेकींवर चढलेल्या असल्या म्हणजे तीत एक फसवी चूक शिरण्याचा संभव असतो.

प्रथम एकाच आकृतीचा प्रश्न घेऊ. बिंदूपासून पूर्वेकडे एक सरळ किरण न्यावा आणि तो आकृतीच्या सीमेला किती वेळा छेदतो ते मोजावे. छेदांची संख्या विषम आल्यास बिंदू आत, सम आल्यास बाहेर. स्वतःला न छेदणारी बंद रेषा प्रतलाचे ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोनच भाग करते, हा कामीय झोर्दां याने १८८७ साली मांडलेला सिद्धान्त या रीतीचा आधार होय. रीत सोपी आहे. अडचण येते ती किरण नेमका शिरोबिंदूतून गेला तर. तेथे दोन बाजू मिळत असल्यामुळे एकच छेद दोनदा मोजला जातो. म्हणून जिचे एक टोक किरणाच्या वर आणि दुसरे किरणावर अथवा खाली आहे अशीच बाजू हिशेबात धरावी. किरणाला समांतर असलेल्या बाजू या नियमाने आपोआप गळतात. गाव प्रत्यक्ष रेषेवरच पडले तर मात्र ते आत की बाहेर याचा निर्णय अभ्यासकाने आधीच करून ठेवावा. तो यंत्रावर सोपविणे बरे नव्हे. (रेखांश आणि अक्षांश यांचा क्रम उलटा लिहिला गेल्याने सारी गावे नकाशाबाहेर पडल्याची उदाहरणे विरळा नाहीत.)

आता मूळ विषयाकडे वळू. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात जर्मन भाषेतील व्यंजनपरिवर्तनाच्या सीमा एकत्र न राहता पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकल्या आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना युर्डिंगेनजवळ ‘इक’चे ‘इश’ होते, बेनराटजवळ ‘माकेन’चे ‘माखेन’, पुढे बाड होनेफच्या परिसरात ‘डोर्प’चे ‘डोर्फ’ आणि सांक्ट गोआरपाशी ‘डाट’चे ‘डास’. प्रत्येक नव्या रूपाचे क्षेत्र आपापल्या रेषेच्या दक्षिणेस पसरलेले असल्याने चारही आकृत्या एकमेकींवर येतात. त्यांना अनुक्रमे १, २, ४ आणि ८ असे अंक द्यावेत व गाव ज्या ज्या आकृतीत आहे तिच्या तिच्या अंकाची बेरीज त्या गावापुढे लिहावी. अशा रीतीने कोलोनचा अंक ३ येतो, कोब्लेंत्सचा ७, तर माइन्त्सचा १५. कोणत्याही दोन गटांची बेरीज सारखी येत नाही, हा या अंकांच्या निवडीतील लाभ आहे.

प्रत्येक आकृतीतील गावे वेगळी मोजून बेरीज केली तर काय होते? केवळ उदाहरणासाठी असे धरू की १०० गावांपैकी ० अंकाची २०, १ ची १०, ३ ची २५, ७ ची ३० आणि १५ ची १५ गावे आहेत. चार क्षेत्रांत अनुक्रमे ८०, ७०, ४५ आणि १५ गावे भरतील व बेरीज २१० येईल. गावे तर शंभरच! नवे रूप निदान एक तरी असलेली गावे ८० आहेत. २१० हा गावांचा आकडा नसून नोंदींचा आहे. ही चूक निदान आकड्याच्या आकारावरून ध्यानात येते.

दुसरी चूक अधिक वाईट. श्रम वाचविण्यासाठी चारही आकृत्यांच्या बाजू एकाच यादीत घालून किरणाचे छेद एकदमच मोजले, तर सम-विषमाचा नियम दोन क्षेत्रांत असलेल्या गावाला बाहेर काढतो, तीन क्षेत्रांतील गावाला आत घेतो आणि चार क्षेत्रांतील गावाला पुन्हा बाहेर टाकतो. वरील उदाहरणात ८० ऐवजी ४० हे उत्तर येईल. ते दिसण्यात मुळीच विचित्र नाही, म्हणून कोणी शंकाही घेणार नाही. परंतु कोलोन व माइन्त्स ही दोन्ही नव्या रूपांच्या प्रदेशातून नाहीशी झालेली असतील. बोलींच्या अभ्यासकाला संक्रमणाचे पट्टे हवे असतात आणि नेमके तेच येथे गळतात. तेव्हा प्रत्येक आकृतीची परीक्षा स्वतंत्रपणे करून मगच अंकांची बेरीज घ्यावी.

हा अंक आणखी एका कामी येतो. समभाषारेषा ही अभ्यासकाने केलेली सामान्य मांडणी असते. गावाचे प्रत्यक्ष उत्तर तिच्याशी जुळेलच असे नाही. आकृत्यांवरून एक अंक आणि गावाच्या मूळ उत्तरांवरून दुसरा अंक काढून दोन्ही शेजारी ठेवावेत. जेथे आकृतीप्रमाणे ३ पण उत्तरांवरून २ येतो, तेथे गाव ‘माखेन’ म्हणते पण ‘इश’ म्हणत नाही असे होते. ती लेखनिकाची चूक असेल, रेषा ओढणाऱ्याची घाई असेल किंवा खरोखरीच एखादे भाषिक बेट असेल. अशा गावांची यादी हाती घेऊन मूळ प्रश्नावल्या पुन्हा उघडाव्या लागतात.