४० पानांची पीएचडी

प्रबंध जितका जाडजूड तितका विद्वान मोठा, अशी आपल्याकडे उगाचच समजूत आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचा केंब्रिजमधला प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता!

१९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या (तेव्हाच्या कमला भागवत) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे. त्यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम झालं. रामन यांचं समाधान झालं आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला.

त्यानंतर केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारं ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९मध्ये पीएचडी.