स्तनातील मेलानोमा : निदान आणि उपचार

स्तनातील घातक गाठ म्हणजे स्तनाचाच कर्करोग, हे समीकरण बहुधा खरे ठरते. क्वचित मात्र ते दगा देते. रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचा कर्करोग, म्हणजेच मेलानोमा, स्तनावरील त्वचेत उद्भवतो किंवा अन्यत्र उद्भवून स्तनात पसरतो. रंगद्रव्य दिसतेच असे नाही. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तो ‘ट्रिपल निगेटिव्ह’ स्तनकर्करोगासारखा भासू शकतो. एस-१०० व सॉक्स-१० या चाचण्या दोहोंतही सकारात्मक येऊ शकतात. म्हणून सायटोकेरॅटिनसोबत मेलान-ए व एचएमबी-४५ पाहणे अगत्याचे ठरते.

त्वचेतील मेलानोमासाठी संपूर्ण स्तन काढण्याची सहसा गरज नसते. १९७० साली ब्रेस्लो यांनी मांडलेल्या जाडीच्या मापनानुसार १ ते २ सेंटिमीटर निरोगी कडेसह छेदन आणि आवश्यक तेथे सेंटिनेल लसिकाग्रंथीची तपासणी केली जाते. पसरलेल्या रोगात २०११ पासून आलेली इपिलिमुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे आणि बीआरएएफ जनुकात बदल असल्यास लक्ष्यवेधी गोळ्या यांनी चित्र पालटले आहे.

चुकीच्या केमोथेरपीत गेलेले महिने रुग्णाला परत मिळत नाहीत. पूर्वी काढलेला तीळ रुग्ण आपणहून सांगेलच असे नाही. तो आपणच विचारावयास हवा.