जमिनींतील लोह आणि जंतूंची वहिवाट

काळ्या व चुनखडीच्या जमिनी ज्यांच्या वाट्यास आल्या आहेत, त्या शेतकरी बंधूंस केवड्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. भुईमुगाचीं कोवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि हळूहळू सारें वावर फिकें दिसूं लागतें. आमच्याही शेतांत एके वर्षीं असें झालें. नत्र कमी पडलें असें समजून आम्हीं वरखत दिलें; पानें पिवळीं तीं पिवळींच. मग लोह कमी असेल म्हणून मोकळा हिराकस मातींत टाकला. पैसाही गेला आणि हंगामही गेला. त्या नुकसानीनंतर जें शिकलों, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

जमिनींत लोहाची उणीव बहुधा नसतेच. पृथ्वीच्या कवचाच्या वजनांत सुमारें ५ टक्के लोह आहे. परंतु हवेच्या संगतीनें तें गंजाचें, म्हणजे फेरिक, रूप घेतें आणि गंज पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. जमिनीचा सामू १ अंकानें चढला, तर तिच्या पाण्यांतील मोकळें फेरिक लोह सुमारें १,००० पटींनीं घटतें; आणि चुनखडीच्या जमिनीचा सामू बहुधा ८ च्या आसपास असतो. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून आम्हांस उपमाही तेथलीच सुचते: जमीन कागदोपत्रीं नांवावर आहे, पण वहिवाट नाहीं.

हीच अडचण जमिनींतील सूक्ष्म जंतूंसही आहे. श्वसनादि कामांसाठीं बहुतेक सर्व जंतूंस लोह लागतें. तें मिळविण्याची त्यांची युक्ति पाहण्यासारखी आहे. लोहाची टंचाई जाणवतांच जंतु एक लहानसा सेंद्रिय पदार्थ तयार करून बाहेर सोडतो. हा पदार्थ लोहाच्या एका अणूस सामान्यतः सहा बाजूंनीं आवळून धरतो व पाण्यांतून वाहून आणतो. जंतूच्या आवरणावर त्याच आकृतीस ओळखणारें द्वार असतें. त्यांतून हें ओझें आंत जातें. आंत लोहाचें फेरस रूप झालें कीं पकड सैल होते. कांहीं जातींत वाहकच मोडून लोह काढून घेतलें जातें. लोह पुरेसें झालें कीं वाहकांची निर्मिति थांबते. १९५२ सालीं जे. बी. नीलँड्स यांनीं काणीच्या एका बुरशीपासून 'फेरिक्रोम' नांवाचा असा पदार्थ शुद्ध रूपांत मिळविला. १९७३ सालीं या वर्गास 'सिडेरोफोर' हें नांव मिळालें. ग्रीक भाषेप्रमाणें त्याचा अर्थ लोहवाहक.

यांत शेतकऱ्याचा संबंध काय, असें कोणी पुसेल. संबंध दुहेरी आहे.

पहिला रोगाशीं. मुळांपाशीं राहणारे स्यूडोमोनस जातीचे कांहीं जंतु पिवळट-हिरवा, चमकणारा लोहवाहक सोडतात. कॅलिफोर्नियांत क्लोपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० सालीं दाखविलें कीं, असे जंतु किंवा त्यांचा शुद्ध लोहवाहक मातींत घातला असतां जवसाच्या मर रोगास आळा बसतो. जंतूंनीं लोह आधींच उचललें, म्हणून रोगाची बुरशी उपाशी राहिली, असा त्याचा अर्थ. उलट, रोगास आवरणाऱ्या जमिनींत वरून लोह मिसळतांच तो आवर सुटला.

दुसरा संबंध पिकाशीं. १९७६ सालीं जपानांत ताकागी यांनीं दाखविलें कीं, भात व ओट यांचीं मुळेंही लोह विरघळविणारा पदार्थ सोडतात. सातू, गहू, मका हीं तृणकुळांतील पिकें ही युक्ति कमीअधिक जाणतात. भुईमूग जाणत नाहीं. त्याचीं मुळें आम्ल सोडून व लोहाचें फेरस रूप करून तें घेतात, आणि चुनखडी त्या आम्लाचा जोर मारते. चीनमधील चुनखडीच्या जमिनींत मक्याच्या ओळींशेजारीं लावलेला भुईमूग नुसत्या भुईमुगापेक्षां हिरवा राहतो, असें आढळलें आहे.

तेव्हां मोकळा हिराकस चुनखडींत टाकूं नये. थोड्याच दिवसांत त्याचा गंज होतो. तो चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मुरवून द्यावा. उभ्या पिकावर केवडा दिसल्यास १०० लिटर पाण्यांत ५०० ग्रॅम हिराकस विरघळवून तें पाणी ताजें असतांनाच कोवळ्या पानांवर फवारावें. पाणी बेतानें द्यावें. अशी जमीन चिंब राहिली कीं तिच्यांत बायकार्बोनेट वाढून केवडा बळावतो. जंतुसंवर्धनाची पुडी टाकली कीं लोहाचें काम झालें, असेंही समजूं नये. जंतु लोह आणतो तें प्रथम स्वतःसाठीं.

सारांश, लोह विकत घेण्यापूर्वीं घरचें लोह कोणाच्या कबजांत अडकलें आहे, हें पाहावें. आम्हीं न पाहतां खर्च केला. वाचकांनीं पाहून करावा.